फाविन्याना बेट : सायकल, समुद्र आणि खाणं. तुमचे अनुभव लिहा

रोम, व्हेनिस आणि पिसाच्या मनोऱ्याबद्दल मराठीत पोत्याने लिहिलेलं सापडतं. सिसिलीच्या पश्चिमेच्या या छोट्या बेटाबद्दल मात्र जवळपास काहीच नाही. गेल्या वर्षभरात ओळखीतली बरीच मंडळी तिकडे जाऊन आली, म्हणून सगळ्यांनाच आग्रह केला की लिहा. निळ्या पाण्याचं कौतुक दोन ओळींत आटपा. बाकीचं सविस्तर येऊ द्या.

सुरुवात मीच करते. सिसिलीतल्या त्रापानी बंदरातून हायड्रोफॉइलने, म्हणजे पाण्यावर उचलून धावणाऱ्या वेगवान बोटीने, साधारण अर्ध्या तासात फाविन्यानाला पोचता येतं. एगादी बेटांमधलं हे सर्वांत मोठं, तरी क्षेत्रफळ 20 चौरस किलोमीटरच्या आतबाहेर. आकार पंख पसरलेल्या फुलपाखराचा, मधोमध सांता कातेरिनाचा 314 मीटरचा डोंगर. गाडीची गरजच नाही. बंदरातून बाहेर पडलात की सायकलींची दुकानं लागतात.

आम्ही जूनमध्ये गेलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो त्या मावशींना पहिल्या सकाळी विचारलं, "कुठल्या बीचवर जाऊ?" त्या गॅलरीत गेल्या, दोरीवरचे टॉवेल कुठल्या बाजूला उडतायत ते पाहिलं आणि दक्षिणेकडे बोट दाखवलं. इथलं सगळं गणित हेच आहे. मायेस्त्राले, म्हणजे वायव्येचा वारा असला तर दक्षिणेला लिदो बुर्रोने किंवा काला अझ्झुर्राला जायचं. आफ्रिकेकडून येणारा शिरोक्को असला तर ईशान्येच्या काला रोस्साला. यादी बघून आज हा बीच, उद्या तो असं ठरवून गेलात तर खवळलेलं पाणी आणि डोळ्यांत वाळू. लहान मुलं बरोबर असतील तर लिदो बुर्रोने. वाळू आहे, पाणी उथळ आहे. किनाऱ्यावर तपकिरी पानांचे ढीग दिसले तर नाक मुरडू नका. तो कचरा नाही, पोसिडोनिया नावाचं समुद्रगवत आहे. लाटांनी वाळू वाहून जायची ती या ढिगांमुळे टिकते.

मिलानहून, मूळची रत्नागिरीची

काला रोस्साचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील, पण तिथे वाळूचा कणही नाही हे फोटोत कळत नाही. वरच्या खडकाळ माळावर सायकली लावायच्या आणि कापलेल्या दगडांवरून खाली उतरायचं. चपला घालून तर अजिबात नको. पाण्यात चालतील असे बूट घ्या, खडकांना काळे काटेरी गोळे चिकटलेले असतात. सावली नाही, पाण्याची सोय नाही.

मला मात्र पाण्यापेक्षा त्या खाणींनी वेड लावलं. बेटाचा पूर्व भाग म्हणजे फिकट पिवळसर, शिंपल्यांचे तुकडे भरलेला मऊ दगड. शतकानुशतके तो हाताने चौकोनी कापून जहाजांतून सिसिलीत आणि पार ट्युनिशियात गेला. आमच्याकडे जांभ्याचे चिरे काढतात तशाच सरळसोट भिंती, तसेच ओळीने उठलेले हत्याराचे घाव. माझे आजोबा चिरेखाणीवर मुकादम होते, त्यामुळे मी तिथे भिंतीवर हात फिरवत किती वेळ उभी होते कोण जाणे. बुए मारिनो या किनाऱ्यावर हे घाव थेट समुद्रापर्यंत उतरलेले दिसतात.

गावाजवळच्या जुन्या खाणींत लोकांनी बागा केल्या आहेत. वर वाऱ्यात झुडूपही वाकडं वाढतं आणि खाली खड्ड्यात लिंबं, संत्री, अंजिरं छान डवरलेली. सायकलवरून जाताना झाडाचा फक्त शेंडा रस्त्याच्या पातळीला दिसतो.

उट्रेख्तहून, रोज सायकलने ऑफिसला जाणारा

ताईंनी वाऱ्याचं लिहिलं ते सायकललाही लागू. पूर्व भाग परातीसारखा सपाट आहे, गिअर बदलायचंही कारण नाही. पण समोरून मायेस्त्राले आला की त्याच सपाट रस्त्यावर घाम फुटतो. सकाळी वाऱ्याच्या तोंडाने निघा, म्हणजे परतताना तो पाठीशी असतो. दमून परतताना याची किंमत कळते.

पश्चिमेकडे जायला डोंगरातून छोटा बोगदा आहे. दिवा हवाच. पलीकडे गर्दी एकदम ओसरते. काला रोतोंदा आणि पुंता सोत्तीलेचं दीपगृह, दोन्ही संध्याकाळसाठी राखून ठेवा. सूर्य समोर मारेत्तिमो बेटाच्या बाजूला उतरतो. डोंगरावरच्या किल्ल्यावर सायकल जात नाही, पायीच चढायचं, तेही उन्हं कलल्यावर.

सायकल घेताना ब्रेक स्वतः दाबून बघा. मला मिळालेल्या सायकलचे ब्रेक पॅड पार झिजलेले होते आणि उतारावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला. परत नेली तर दुकानदाराने खांदे उडवले, बऱ्याच बाचाबाचीनंतर बदलून दिली. पाणी गावातच भरून घ्या, वाटेत भरवशाचं दुकान नाही.

ठाण्याहून, सासूबाईंसह

शाकाहारी मंडळींसाठी लिहिते. सासूबाई अंडंही खात नाहीत आणि बेट टूना माशासाठी प्रसिद्ध, त्यामुळे निघताना चिवडा-खाकऱ्याची वेगळी पिशवी होती. त्यातला निम्मा खाऊ परत आला.

सासूबाईंना सर्वांत आवडलं ते बुझियाते. फिरकीसारखा पिळलेला पास्ता आणि त्यावर बदाम, लसूण, टोमॅटो, तुळशीच्या जातीची पानं कुटून केलेलं त्रापानीचं पेस्तो. पहिल्या घासाला म्हणाल्या, "यात मिरची असती तर!" आणि पर्समधून तिखटाची डबी काढली. पानेल्ले म्हणजे चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, त्या तर घरच्याच वाटल्या. पाने कुन्त्सातो हा टोमॅटो, चीज, ऑलिव्ह तेल घातलेला गरम पाव, पण त्यात अँचोवी मासे असतात. "सेन्त्सा अच्चूगे" एवढं पाठ करा, काम भागतं. चीजबद्दल कडक असाल तर पेकोरीनो टाळा, ते वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रवाने बनवतात. कुसकुस, म्हणजे गव्हाच्या रव्याचे वाफवलेले दाणे, मागवण्याआधी विचारा. इथे ते बहुतेक माशाच्या रश्शाबरोबर येतं.

नाश्त्याला बदामाचा ग्रानिता, म्हणजे चुरा केलेल्या बर्फासारखा गारेगार गोड पदार्थ, आणि ब्रिओश हा मऊ गोडसर पाव. ब्रिओशमध्ये अंडं असतं, म्हणून सासूबाईंनी नुसता ग्रानिता खाल्ला, मी दोन ब्रिओश. दुपारी गाव झोपतं, बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदी त्याआधीच उरका.

मालवणहून

शाकाहाऱ्यांचं झालं, आता आमचं. टूना म्हणजे आपला कुपा, पण इथला निळ्या पराचा, अजस्र. मे-जूनमध्ये अंडी घालायला तो इथून जायचा आणि त्याच्या वाटेत जाळ्यांच्या एकामागोमाग खोल्या उभ्या करायचे. शेवटच्या खोलीचं जाळं सगळ्यांनी मिळून वर ओढायचं, गाणी म्हणत. रईस, म्हणजे या मच्छीमारांचा म्होरक्या, म्हणेल तीच पूर्वदिशा. आमच्याकडे रापण ओढतात तिथेही गाव एकत्र येतं, म्हणून मला ते चटकन समजलं. टूनाच्या या शिकारीला मात्तांझा म्हणतात. बेटावरचा शेवटचा मात्तांझा 2007 मध्ये झाला.

इग्नात्सिओ फ्लोरिओने 1874 मध्ये ही बेटंच विकत घेतली आणि बंदरालगत टूना तेलात घालून डबाबंद करायचा प्रचंड कारखाना उभा केला. आता तिथे संग्रहालय आहे. चुकवू नका. उंच धुराड्यांखाली टूना शिजवायच्या भट्ट्या आहेत, आणि एका अंधाऱ्या खोलीत जुने मच्छीमार पडद्यावर आपापली गोष्ट सांगतात. इटालियन येत नसलं तरी बसा. इ.स.पू. 241 मध्ये याच समुद्रात रोमनांनी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या आरमाराचा धुव्वा उडवला. त्या लढाईतल्या जहाजांची, समुद्रतळातून काढलेली, शत्रूचं जहाज फोडायची कांस्याची टोकंही तिथे बघायला मिळतात.

खायला बोत्तार्गा. गाभोळी मिठात मुरवून, दाबून, वाळवतात आणि स्पॅगेटीवर किसतात. वास आला आणि बायको म्हणाली, "हे तर आपल्या सुक्या बाजारातलं." किंमत मात्र सोनाराच्या दुकानातली.

दुबईहून, थोडं वेगळं मत

आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. आयुष्यात परत जाणार नाही. पंधरा ऑगस्टला अख्ख्या इटलीला सुट्टी असते आणि त्यातली निम्मी जनता काला अझ्झुर्राला होती. सायकल ठेवायला जागा नाही, राहायचे दर अव्वाच्या सव्वा. किनारेही आवडले नाहीत, मला वाळूत पाय पसरायला लागतात. मुलगी मात्र पोहायचा मास्क लावून दिवसभर पाण्यात होती, तिचं मत विचारू नका.

धागाकर्तीकडून

दुबईकर दादा, ऑगस्टबद्दल शंभर टक्के सहमत. जून किंवा सप्टेंबर. कोणी शेजारच्या लेवांझोला गेलं होतं का? गुहेबद्दल विचारायचं होतं.

मिलानहून, पुन्हा

हो ताई, गेले होते. ग्रोत्ता देल जेनोवेझे, 1949 मध्ये एका चित्रकार बाईंना सापडली. अश्मयुगात कोरलेली हरणं आहेत आणि नंतरच्या काळात काळ्या रंगाने काढलेली माणसं, मासे. त्यात टूनाही आहे! आधी वेळ ठरवावी लागते, रखवालदाराबरोबरच आत सोडतात. आमच्याकडची कातळशिल्पं उघड्या सड्यावर, ही अंधारात.

आणि परतीचं विमान बेट सोडाल त्याच दिवशी ठेवू नका. वारा वाढला की हायड्रोफॉइल बंद होतात. मोठी फेरीबोट कधी कधी चालू असते, बंदरावर चौकशी करा. शेवटची रात्र त्रापानीत काढलेली बरी. तिथलं माशाचं कुसकुस फाविन्यानापेक्षा सरस आहे, मालवणकर काका रागावले तरी चालतील.