मोर्सची अट आणि 'दर्जा घसरला' ही ओरड

खडखडाट (मूळ धागा)

येथील एका ज्येष्ठ सदस्यांनी परवा लिहिले की, मोर्स (टिंब-रेषांची तारभाषा) न येता हौशी रेडिओचा 'रिस्ट्रिक्टेड' हा खालचा परवाना मिळवणारे लोक म्हणजे वॉकीटॉकी मिरवणारी गर्दी आहे, आणि वरच्या जनरल श्रेणीसाठीचा मिनिटाला 8 शब्दांचा मोर्सचा वेग जुन्या ग्रेड वन परवान्याप्रमाणे पुन्हा 12 वर न्यावा. ही अट मुळात गुणवत्तेसाठी आलीच नव्हती. टायटॅनिक बुडाल्यावर अमेरिकेने 1912 साली कायदा करून हौशी मंडळींना 200 मीटर तरंगलांबीच्या खाली, म्हणजे तेव्हा कुचकामी समजल्या जाणाऱ्या लहरींवर हाकलले. हौशी केंद्रामुळे जहाजांच्या कामात अडथळा येऊ लागला, तर 'गप्प बसा' हा आदेश त्याला कळावा, एवढ्यासाठी मोर्स हवे होते. त्या जहाजांनीच 1999 मध्ये मोर्स सोडले. 2003 च्या जागतिक रेडिओ परिषदेने 30 मेगाहर्ट्‌झखालच्या लहरींसाठीची ही अट ज्या-त्या देशावर सोपवली. ब्रिटनने ती त्याच वर्षी काढली, तर अमेरिकेने 23 फेब्रुवारी 2007 रोजी. आता ती नेमकी कोणासाठी जपायची?

जुनी_की

ते ज्येष्ठ सदस्य मीच, त्यामुळे नाव टाळण्याचा शिष्टाचार अनावश्यक होता. आपण सांगितलेला इतिहास मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. ज्यांना हाकलले, त्याच अमेरिकी हौशींचे संकेत डिसेंबर 1921 मध्ये स्कॉटलंडमध्ये ऐकू आले, आणि ते मोर्सचेच होते. मी परळच्या चाळीत रात्री मोर्सचे सूर काढणारा ऑसिलेटर वाजवून सराव करत असे आणि शेजारी भिंतीवर थापा मारत, तरीही शिकलो. आजच्या परीक्षार्थीला प्रश्नसंच पाठ केला की पुरते. बॅंडवर दुसरा बोलत असताना मध्ये घुसणारे बहुतेक याच वाटेने आलेले असतात.

घाटमाथा

दोघांनाही नम्रपणे सांगतो की आपण चुकीच्या दारावर भांडत आहात. या देशात कोणाची वाट मोर्सने अडवली नाही, कागदांनी अडवली. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी कायदा हे दोन्ही परक्या राज्यकर्त्यांचे, आणि दुसऱ्यात तर विनापरवाना यंत्र नुसते जवळ बाळगणे हाच गुन्हा. स्वातंत्र्यानंतरही तीच संशयाची नजर राहिली. 1978 चे हौशी सेवा नियम याच कायद्यांच्या छत्राखाली झाले, आणि त्या दोन्ही कायद्यांची जागा घेणारा दूरसंचार कायदा यायला 2023 साल उजाडले. मी परीक्षा उत्तीर्ण झालो, तरी परवाना हाती येईपर्यंत माझा कॉलेजचा अभ्यासक्रम संपला होता. मधल्या काळात एक हवालदार पडताळणीला आले आणि त्यांनी आईला विचारले की, मुलगा नेमका कोणाशी बोलणार आहे. आईने उत्तर दिले, "कोणाशीही बोलत नाही, म्हणूनच काळजी वाटते." त्यावर त्यांनी काय शेरा मारला कोण जाणे, पण कागद पुढे अडकलाच.

अंदमानातून हौशी केंद्र चालवण्याची परवानगी मिळायलाही वर्षानुवर्षे जावी लागली. ती मिळाली, म्हणूनच 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा हौशी रेडिओचालक भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी यंत्रांसह पोर्ट ब्लेअरमध्ये हजर होते आणि अडकलेल्यांचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचले. ती परवानगी आणखी काही महिने टेबलावर पडून राहिली असती, तर आपले 12 शब्द कोणाच्या उपयोगी पडले असते?

जुनी_की

विषय मोर्सचा आहे, आपल्या मातोश्रींचा नाही.

खडखडाट

ही भाषा शोभत नाही. शिवाय आपण एका प्रश्नाला बगल दिली आहे. प्रश्नसंच पाठ करून उत्तीर्ण होता येत असेल, तर लेखी परीक्षा कठीण करा. कानांची परीक्षा घेऊन शिस्त कशी येते? ज्यांना मोर्स आवडते ते सक्तीविनाही शिकतात. मीही शिकलो, पण जनरल परवान्याचा अर्ज आजतागायत केलेला नाही.

जुनी_की

म्हणजे परीक्षेची भीती आहे, हे एकदाचे कळले. मातोश्रींवरील वाक्य मागे घेतो. त्यांचे उत्तर या धाग्यातील सर्वांत नेमके आहे. कागदपत्रांच्या छळाबाबत घाटमाथा यांच्याशी मी सहमत आहे. हे त्यांनी जपून ठेवावे, पुन्हा मिळणार नाही. मात्र अट रद्द करण्यास माझा विरोध कायम आहे. फार तर 12 ऐवजी 10 शब्द चालतील.

घाटमाथा

आज 8 आहेत. आपण सवलत देत आहात की वाढ मागत आहात?