मदत हवी आहे : एम.एस्सी. गणितानंतर टेक्नॉलॉजी कन्सल्टिंग

नमस्कार मंडळी. यंदा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून माझं एम.एस्सी. गणित पूर्ण झालं. घरी वाटतं, सेट-नेट देऊन प्राध्यापक व्हावं. मला मात्र मनापासून टेक्नॉलॉजी कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना तंत्रज्ञानाबद्दल सल्ला देण्याच्या कामात, जायचंय.

कारण सांगते. प्रोजेक्टसाठी मामांच्या दूध संकलन केंद्राच्या गाड्यांचं नियोजन केलं होतं. त्यासाठीची, गणितज्ञ डँट्झिगची १९४७ सालची सिम्प्लेक्स पद्धत (दिलेल्या मर्यादांत सर्वात फायद्याचं उत्तर शोधायची रीत) पुस्तकात सरळ वाटते. पण कुठल्या गावात दूध किती वाजता गोळा होतं, रस्ता पावसात कुठे तुंबतो, हे ड्रायव्हरकाकांशी बोलल्याशिवाय समीकरणात उतरलंच नाही. आधी माणसांचं ऐकायचं, मग ते गणितात बसवायचं, हे काम मला फार आवडलं.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येतं, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकतेय. पण एका कंपनीने 'फक्त बी.ई. किंवा एमसीए' म्हणून अर्जच घेतला नाही. खूप वाईट वाटलं.

आधी दोन वर्षं डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून काढावीत, की सॅपचा (कंपन्यांचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कोर्स करावा? त्याची फी मोठी आहे, बाबांवर पुन्हा भार नकोसा वाटतो. आणि केस इंटरव्ह्यूचा, म्हणजे एखाद्या कंपनीची अडचण देऊन ती कशी सोडवाल हे विचारतात त्या मुलाखतीचा, सराव कसा करायचा? गणितातून इकडे वळलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.