बीटा-टीसीपीच्या दाण्यांवर अलिझरिन रेड: पेशी नसतानाही लाल का?

अस्थिकण:
नमस्कार मंडळी. बीटा-टीसीपीच्या (ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हाडाच्या जागी भरायचं खनिज) 0.5 ते 1 मिमी दाण्यांवर मानवी अस्थिमज्जेतल्या मूलपेशी वाढवल्या आहेत. पेशींना हाडाकडे वळवणाऱ्या माध्यमात डेक्सामेथासोन 100 नॅनोमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट 10 मिलिमोलर, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल 50 मायक्रोग्रॅम प्रति मिली. 21व्या दिवशी अलिझरिन रेड (खनिज दाखवणारा लाल रंग) केलं, तर पेशी न घातलेले दाणेही तितकेच लाल. नवं खनिज वेगळं कसं दाखवू?

मज्जारस:
अलिझरिन कॅल्शियमला चिकटतो, आणि तुमचा दाणा म्हणजेच कॅल्शियम फॉस्फेट. कोऱ्या दाण्याचं रीडिंग वजा करूनही भागत नाही. दोन मोठ्या आकड्यांतला तो किरकोळ फरक असतो, त्यावर निष्कर्ष उभा करू नका. शिवाय बीटा-ग्लिसरोफॉस्फेट जास्त झालं, तर पेशींच्या अस्थिनिर्मितीशी संबंध नसलेला साकाही बसतो.

त्यापेक्षा 7व्या आणि 14व्या दिवशी अल्कलाइन फॉस्फेटेज (हाड घडवू लागलेल्या पेशींचं एन्झाइम) मोजा, 21व्या दिवशी ऑस्टिओकॅल्सिन (हाड घडवणाऱ्या पक्व पेशींचं प्रथिन). फॉस्फेटेजसाठी दाणे पीबीएसने (फॉस्फेट असलेलं मीठपाणी) धुऊ नका, फॉस्फेट या एन्झाइमला अडवतं. ट्रिस-सलाइनने तीनदा धुवा (सीरममधलं एन्झाइमही निघून जातं), 0.1 टक्के ट्रायटनमध्ये (डिटर्जंट) पेशी फोडा, पीएनपीपी (एन्झाइमने तोडल्यावर पिवळं होणारं रसायन) घालून 405 नॅनोमीटरला वाचा.

सूक्ष्मदर्शी:
वरच्यात भर. प्रत्येक पेशीमागची क्रिया काढायला एन्झाइमचा आकडा डीएनएने भागाल, तिथेच घोळ होतो. कॅल्शियम फॉस्फेटच्या पृष्ठभागावर डीएनए चिकटून बसतो, मग पेशी कमी भासतात आणि प्रत्येक पेशीमागची क्रिया फुगते. डीएनएसाठी वेगळे दाणे ठेवा आणि फॉस्फेट व ईडीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) असलेल्या बफरमध्ये पपेनने (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) 60 अंशांवर रात्रभर पचवा. हाच बफर फॉस्फेटेजला मात्र वापरू नका.

आणखी एक. साध्या प्लेटमध्ये बऱ्याच पेशी दाण्यांमधून घसरून तळाच्या प्लास्टिकवर बसतात. दुसऱ्या दिवशी दाणे नव्या वेलमध्ये (प्लेटमधला खळगा) हलवा, नाहीतर मोजमाप प्लास्टिकचं होईल.

अस्थिकण:
धन्यवाद! पेशी प्लास्टिकवर बसत असतील हे लक्षातच आलं नव्हतं. पुढे उंदराच्या कवटीतल्या छिद्रात हेच दाणे भरायचे आहेत. मायक्रो-सीटीवर (अतिसूक्ष्म त्रिमितीय एक्स-रे) नवं हाड वेगळं दिसेल का?

मज्जारस:
फक्त सीटीवर विसंबू नका. दाण्याची आणि खनिज भरलेल्या हाडाची घनता एकमेकींत मिसळते, थ्रेशोल्ड (हाड कुठून धरायचं ती घनतेची सीमा) थोडा हलवला तरी टक्केवारी बदलते. कॅल्शियम न काढता नमुना पीएमएमएमध्ये (कडक प्लास्टिक) बसवा, काप घ्या, टोल्युइडिन ब्लू (ऊती रंगवणारा निळा रंग) करा. आधी दोन वेगवेगळ्या दिवशी कॅल्सीन आणि अलिझरिन (नव्या हाडात बसणारे, चमकणारे रंग) टोचलं असेल, तर नव्या हाडाच्या रेषा फ्लुओरेसन्समध्ये दिसतात. आणि रिकाम्या छिद्राचा गट ठेवाच. छिद्र आपोआप भरून येण्याइतकं लहान असेल, तर दाण्यांनी नेमकं काय केलं ते कळणारच नाही.