टंच ९४ आला म्हणजे क्षत्रपांचं नाणं अस्सल का?

शुक्रवार_पेठ:
पश्चिमी क्षत्रपांचं, म्हणजे गुजरात-माळव्याकडच्या प्राचीन राजांचं, चांदीचं नाणं घ्यायचं चाललंय. वजन २.१ ग्रॅम, एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला चैत्य (कमानींच्या डोंगरासारखं चिन्ह). गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ बाजारात) मशीनवर टंच, म्हणजे शुद्धता, काढला, चांदी ९४ टक्के, बाकी तांबं. विकणारा म्हणतो, एवढा टंच म्हणजे अस्सलच. सोबत धनुष्यबाणाचं शिशाचं नाणंही देतोय, कोल्हापूरच्या प्राचीन कुर राजांचं म्हणून. पैसे देण्याआधी अजून काय तपासू? नाणं कापायचं किंवा कसोटीवर घासायचं नाही.

धातुपारखी:
टंचावरून चांदी किती ते कळतं, वय नाही. ९४ टंचाची चांदी आजही कुठल्याही मुशीत तयार होते.

शिवाय टंचाचं एक्सआरएफ (क्ष-किरणांचं) मशीन फक्त वरचा थर वाचतं. तांब्याचा संकेत १०-१५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालून येतच नाही. मातीत पडलेल्या नाण्याच्या पृष्ठभागातलं तांबं आधी निघून जातं, म्हणून बाहेर ९४ आणि आत बरंच कमी असं अस्सल नाण्यातही होतं. उलट तांब्यावर चांदीचा जाड मुलामा असेल तरी मशीन चांदीच दाखवेल.

टंच काढणाऱ्या सेंटरवाल्याला सगळ्या धातूंचं वाचन मागा. चेहरा, चैत्य आणि कड, तिन्हीकडे घ्या. जुनी चांदी शिशाच्या खनिजातून काढायचे, त्यामुळे तिच्यात बहुधा थोडं शिसं आणि सोनं राहतं. आजच्या विद्युतशुद्ध चांदीत सोनं जवळपास नसतंच. कॅडमियम दिसलं तर सावध व्हा, हा धातू १८१७ साली सापडला. मात्र ते एकाच जागी दिसत असेल तर तिथे कधीतरी कॅडमियमच्या डाखाने कडी जोडलेली असू शकते.

पंचगंगा_घाट:
मशीनच्या आधी घनता काढा, दादा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून हवेत तोला, मग पाण्यात पूर्ण बुडवून. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर अक्षरांत बुडबुडे अडकतात आणि घनता कमी येते. हवेतलं वजन भागिले दोन वजनांतला फरक.

काटा ०.००१ ग्रॅमचाच हवा. ९४ टंचाला घनता १०.४ च्या आसपास, म्हणजे फरक जेमतेम ०.२०२ ग्रॅम. ०.०१ च्या काट्यावर एक अंक इकडेतिकडे झाला की उत्तर ९.९ ते १०.९ मध्ये कुठेही जातं. अस्सल नाणं आतून सच्छिद्र झालेलं असलं तर १० पर्यंत उतरतं, ते चालतं. ९ जवळ आलं तर आत तांबं धरून चाला.

मग १० पट भिंगाखाली कड बघा. ओतीव नाण्यावर साच्याची जोडरेघ किंवा ती घासल्याच्या समांतर खुणा, गोल खड्डे, बोथट अक्षरं. ठोकलेल्या नाण्यात धातू मधून कडेकडे सरकल्याच्या रेघा दिसतात. विकणाऱ्याकडे तसलंच दुसरं नाणं असेल तर शेजारी ठेवा. ठसा दोन्हींवर तेवढाच सरकलेला आणि ओरखडाही त्याच जागी असेल, तर निदान एक तरी ओतीव आहे.

शुक्रवार_पेठ:
आणि शिशाचं?

धातुपारखी:
शिशाला घनता फारशी कामाची नाही, नवं काय जुनं काय, ११.३ च. ताज्या शिशात शिसे-२१० हा किरणोत्सारी समस्थानिक असतो, अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं. दोनेकशे वर्षांत तो जवळपास संपतो. गॅमा किरण मोजणाऱ्या चांगल्या प्रयोगशाळेत तो स्पष्ट मिळाला तर नाणं नवं. नाही मिळाला तरी अस्सल ठरत नाही, जुनं शिसं वितळवून ओतलेलं असू शकतं. त्यामुळे तिथेही कड आणि ठसाच बघायचा.

दोन्ही नाणी लिंबू-चिंचेत घालू नका, जुना थर हाच पुरावा असतो. शिशाचं लाकडी खणात ठेवू नका, लाकडातल्या आम्लाच्या वाफेने त्यावर पांढरी भुकटी धरते. ती विषारी आहे, हात धुवा.