न शिकवता आलेली रांगोळी: नियम कळला की नुसते तुकडे लक्षात राहिले?

उंबरठा (प्रश्न):
माझी नऊ वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून रोज सकाळी आजीशेजारी बसून ठिपक्यांची रांगोळी पाहते. रांगोळी काढताना सासूबाई बोलत नाहीत, त्यामुळे शिकवणे असे काही झालेच नाही. गेल्या आठवड्यात तिने गेरू लावलेल्या फरशीवर ७ ते ४ ठिपके (मधल्या ओळीत ७, दोन्ही बाजूंना ६, ५, ४, एकूण ३७) स्वतः मांडले आणि आजीने कधीही न काढलेले, तरीही सहाही बाजूंनी सारखे असे कमळ पूर्ण केले. मी मुद्दाम एक चुकीची रेघ सुचवली, तेव्हा "तिथे ती बरी दिसत नाही" एवढेच ती म्हणाली. कारण मात्र तिला सांगता आले नाही. तिला नियम कळला आहे, असे म्हणता येईल का?

जुना मास्तर:
कारण सांगता न येणे हे न कळल्याचे लक्षण नव्हे. मानसशास्त्रज्ञ आर्थर रेबर यांनी १९६७ मध्ये ठरावीक नियमांनी बनवलेल्या अक्षरमाळा लोकांना पाठ करायला दिल्या. पुढे नव्या माळांपैकी नियमात बसणाऱ्या कोणत्या हे त्यांना अंदाजापेक्षा बरेच अधिक अचूक ओळखता आले, पण नियम कोणता हे नीट सांगता आले नाही. आकृत्यांचेही तसेच आहे. रिचर्ड ॲस्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००१ मध्ये प्रौढांना जाळीत मांडलेले १२ अनोळखी आकार नुसते पाहायला सांगितले होते, आणि कोणते दोन आकार नेहमी जोडीने येतात हे त्यांनी कोणी न सांगता टिपले.

पटावरचा:
मास्तरांचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. पेरुशे आणि पाक्तो या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले की रेबर यांच्यासारख्या प्रयोगांतले बरेचसे यश शेजारशेजारच्या अक्षरजोड्या लक्षात राहिल्यानेही मिळू शकते; त्यासाठी संपूर्ण नियम कळावाच लागतो असे नाही. बुद्धिबळातही चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३ च्या प्रयोगात निष्णात खेळाडूने पाच सेकंद पाहिलेला खऱ्या डावाचा पट नवशिक्याच्या कित्येक पट अधिक अचूक मांडला, पण सोंगट्या वाटेल तशा मांडल्यावर ही आघाडी उरली नाही. ताई, आपण तिला ९ ते ५ ठिपके मांडून द्या. ती जुन्याच मापाची पाकळी काढत असेल, तर कडेचे २४ ठिपके मोकळे राहतील.

उंबरठा:
आज सकाळी तसे करून पाहिले. पहिल्या खेपेस तिने मध्यापासून तीन ठिपक्यांचीच पाकळी काढली आणि कडेचे २४ ठिपके खरोखरच तसेच राहिले, तेव्हा मला पटावरच्यांचे म्हणणे पटले. मग काही क्षण पाहून तिने फडक्याने सगळे पुसले, सहाही पाकळ्या एकेक ठिपका लांबवून कोपऱ्यापर्यंत नेल्या आणि त्यामुळे दोन पाकळ्यांमध्ये पडलेल्या मोठ्या फटीत एकेक लहान पान घातले. हे पान कुठले, असे मी सासूबाईंना विचारले. त्यांनी चिमटीतली रांगोळी डब्यात परत टाकली आणि म्हणाल्या, "माझे नाही."