तेलविहिरीत बिट नेमकं कोण फिरवतं: रोटरी टेबल, टॉप ड्राइव्ह की मड मोटर?

गिअरबॉक्स:
बोअरवेलच्या गाडीचं गणित सरळ आहे. कॉम्प्रेसरची हवा खालचा हातोडा चालवते आणि वरची हायड्रॉलिक मोटर रॉड सावकाश फिरवते. तेलविहिरीत ३००० मीटर लांब, ५ इंची पाइपाच्या टोकाचं बिट (खडक फोडणारं तोंड) वरूनच फिरवतात का? मुंबई हायला एकाच प्लॅटफॉर्मवरून चहूकडे तिरप्या विहिरी काढतात, तिथे काय करतात? आणि ‘केली’ (kelly) ही वरून पाइप फिरवणारी जुनी नळी मागे का पडली?

रिगवाला:
आधी केली. साधारण ४० फुटी, चौकोनी किंवा षटकोनी जाड नळी. रोटरी टेबल, म्हणजे रिगच्या फरशीतली फिरती चकती, केली बुशिंगला (केलीभोवतीच्या पकडीला) फिरवतं, बुशिंग केलीला फिरवतं आणि केली त्याच बुशिंगच्या रोलरांमधून खालीही सरकत राहते. वरून पाहिलं तर स्ट्रिंग (जोडलेल्या पाइपांची सगळी माळ) घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, म्हणून पाइपांचे आटे उजवे. केलीच्या वरच्या टोकाचे, स्विव्हलकडचे (पाइप फिरू देणाऱ्या, वर टांगलेल्या सांध्याकडचे) आटे मात्र डावे असतात. तिथे उजवे दिले तर स्विव्हलच्या बेअरिंगचा अडथळाच ते सैल करत जाईल.

टॉप ड्राइव्हमध्ये मोटरच ट्रॅव्हलिंग ब्लॉकखाली (वरखाली होणाऱ्या मोठ्या कप्पीखाली) टांगलेली असते आणि डेरिकमधल्या (मनोऱ्यातल्या) रुळांवरून वरखाली होते. केलीवर एका वेळी एकच पाइप जोडता येतो, म्हणजे ९ मीटर. इथे तीन पाइपांचा २७ मीटरचा स्टँड. वेळ वाचतो हे खरं, पण माझ्या मते मोठा फायदा पाइप वर काढताना आहे. भोक आवळलं तर टॉप ड्राइव्ह लगेच जोडून, मड (पाइपातून खाली पंप केला जाणारा चिखलासारखा द्रव) चालू ठेवून स्ट्रिंग फिरवत ओढता येते. केली रॅट होलमध्ये (ती बाजूला ठेवायच्या फरशीतल्या भोकात) उभी असेल तर ती परत जोडेपर्यंत मड सोडता येत नाही आणि तेवढ्यात पाइप अडकू शकतो.

चुंबकसुई:
तिरप्या विहिरीतलं वळण बहुतेक वेळा मड मोटरने घेतात. ती बिटच्या लगेच वर बसते. आत स्टीलचा पीळदार रोटर, भोवती रबराच्या अस्तराचा स्टेटर; स्टेटरला रोटरपेक्षा एक पाकळी जास्त. त्यामुळे राहणाऱ्या पोकळ्यांतून दाबाखालचा मड पुढे सरकतो आणि रोटर फिरतो. वेग मडच्या प्रवाहावर ठरतो, टॉर्क (पिळण्याचा जोर) मोटरवरच्या दाबफरकावर. गॅलनला ०.२ फेरे देणारी मोटर मिनिटाला ६०० गॅलनवर १२० फेरे देते. वरून स्ट्रिंग ४० ने फिरवली तर बिटला १६० मिळतात.

वळायचं असेल तेव्हा वरचं फिरणं थांबवतात, दीड-दोन अंशांचं वाकडं हाउसिंग हव्या त्या दिशेला धरतात आणि बिट फक्त मोटरवर चालतं. सरळ जायचं असेल तर सगळी स्ट्रिंग फिरवायची. बाक सगळ्या दिशांना फिरतो, भोक थोडं मोठं पण सरळ पडतं.

बिट तळाला टेकवण्याआधी ठरलेल्या प्रवाहाला स्टँडपाइपवर (पंपाकडून मड वर नेणाऱ्या नळीवर) दाब किती आहे ते लिहून ठेवा. टेकल्यावर जो वाढतो तोच मोटरचा भार. दाब एकदम उसळला आणि खोदणं थांबलं, तर मोटर स्टॉल झाली, म्हणजे फिरायची थांबली. पंप तसाच रेटला तर मड स्टेटरचं रबर फाडत जातो.

गिअरबॉक्स:
मग लगेच बिट उचलायचं?

चुंबकसुई:
नाही. आधी वरचं फिरणं बंद, मग पंप बंद, मग स्ट्रिंगमध्ये साठलेला पीळ सावकाश सोडायचा आणि त्यानंतरच उचलायचं. उलट क्रमाने केलं तर बिट सुटताच पीळ उलगडतो आणि खालचे जोड सैल होऊ शकतात.

रिगवाला:
पीळ किती साठतो त्याचा हिशेब: ५ इंची, फुटाला १९.५ पौंडांचा पाइप, ३००० मीटर. खाली बिट धरून ठेवलं आणि वरून १० किलोन्यूटन-मीटर टॉर्क दिला, तर वरचं टोक सुमारे ५ फेरे पुढे जातं. म्हणूनच बिट अडकतं-सुटतं: वर टेबल मिनिटाला १०० फेऱ्यांवर शांत फिरतंय आणि खाली बिट क्षणभर थांबून मग दुप्पट-अडीचपट वेगाने सुटतंय. टॉर्कचा काटा काही सेकंदांच्या नियमित तालात वरखाली झुलताना दिसतो. अशा वेळी बिटवरचं वजन कमी करा, फेरे वाढवा. फेरे तसेच ठेवून वजन वाढवलं की पीडीसी बिटचे (कृत्रिम हिऱ्याचे) कटर तुटतात.

सरळ विहिरीत हे वजन ड्रिल कॉलरमधूनच (बिटच्या वरच्या जाड, जड नळ्यांमधूनच) यायला हवं. मडमध्ये तरंगल्यावर कॉलरचं जे वजन उरतं, त्याच्या ८०-८५ टक्क्यांपुढे जाऊ नका. त्यापुढे पाइप दाबाखाली येतो, वाकलेल्या अवस्थेत फिरतो आणि टूल जॉइंटजवळ (पाइपांच्या जोडाजवळ) थकून तडकतो.