‘पगारात उपयोग नाही तो विषय बंद’ याला माझा विरोध

झेडपीची बाई
परवा इथे भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्या दादांनी लिहिलं की मुलाला कमावतं करणं एवढंच शाळेचं काम. म्हणून आठवीपासून कविता, इतिहास, नागरिकशास्त्र बंद करा आणि त्या तासांना वेल्डिंग, वायरिंग, मोबाईल दुरुस्ती शिकवा. खाली सगळ्यांचे अंगठे वर. राग गेला नाही म्हणून सविस्तर लिहिते.

हा बदल कोणाच्या मुलांसाठी? वर्षाला लाखभर फी भरणारा बाप म्हणेल का, की माझ्या पोराचा इतिहास काढा आणि त्याला वेल्डिंगला बसवा? कात्री लागेल ती माझ्या वर्गाला. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांना म्हणे नागरिकशास्त्राचा उपयोग नाही! मुकादमाने उचलीचा हिशेब चुकीचा लावला तर दाद कुठे मागायची, ग्रामसभेत उभं राहून काय विचारायचं, हे त्यांनाच तर सगळ्यात जास्त लागतं.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी अभ्यासक्रम मागितला. त्यात मोडी, बालबोध, हिशेब होते, आणि इतिहास, भूगोल, व्याकरणही होतं. आपण १४० वर्षांनी त्यातून कमी करायला निघालोय.

वर्कशॉप भोसरी
बाई, फुले अर्धेच सांगितलेत. त्याच निवेदनात शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडेही मागितलेत. आणि शिक्षक कसे हवेत म्हणाले? नांगराचं रुमणं किंवा सुताराची वाकस धरायला लाज न वाटणारे. आज असे किती आहेत तुमच्या तालुक्यात?

माझ्याकडे दहावी पास पोरं येतात. व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, वाचता येत नाही, तो मी शिकवतो, त्याची तक्रार नाही. पण ०.५ आणि ०.०५ यांतला फरक कळत नाही. जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, रिजेक्ट झाला की भुर्दंड माझा. दहा वर्षं बसवून पोराच्या हातात काय दिलंत, हे मी विचारायचं नाही? मी स्वतः आयटीआयचा टर्नर. वडील गेले तेव्हा घर लेथवर चाललं, कवितेवर नाही.

झेडपीची बाई
दशांश कच्चे राहिले ते गणित नीट झालं नाही म्हणून. इतिहासाचा तास काढला की ते पक्के होतील, हे कुठलं गणित?

नाशिकची आई
गणित का झालं नाही ते मी सांगते. ढकलपास. माझा मुलगा नववीत गेला तेव्हा कळलं की त्याला जोडाक्षरं वाचता येत नाहीत. तोवर प्रत्येक प्रगतिपुस्तकात ‘ब’ श्रेणी आणि ‘प्रगती समाधानकारक’. २०१० ला कायदा आला, नापास करणं बंद झालं आणि मास्तर लोक सुटले. शाळा कशासाठी यावर तुम्ही खुशाल वाद घाला, आधी मुलाला वाचायला तरी येऊ दे.

निवृत्त केंद्रप्रमुख
ताई, कायदा नीट वाचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ ने आठवीपर्यंत मागे ठेवायला बंदी केली. तपासायला बंदी कधीच नव्हती. कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितलंय. मूल कुठे अडलं ते तेव्हाच ओळखून तेव्हाच शिकवायचं, हा त्याचा सगळा गाभा. प्रत्यक्षात काय झालं ते मी शाळा तपासताना पाहिलंय. तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारातून आणायच्या आणि वर्गातल्या सगळ्या मुलांपुढे त्याच ओळी उतरवायच्या. दोष कायद्याचा नाही.

नाशिकची आई
दोष कोणाचा का असेना, वर्षं माझ्या मुलाची गेली. नापास केलं असतं तर निदान तिसरीतच कळलं असतं.

वरुडची संत्री
नापास करा म्हणणाऱ्यांना एक सांगते. माझी मोठी बहीण आणि माझा भाऊ, दोघंही सातवीत नापास झाले, वेगवेगळ्या वर्षी. भावाला पुन्हा त्याच वर्गात बसवलं, शिकवणी लावली. बहिणीला म्हणाले, तुझ्या डोक्यात शिरत नाही, आईला मदत कर. तिचं लग्न झालं तेव्हा मी अजून शाळेत होते. आज ती नातवंडांच्या वहीवर सही करते तेव्हा तिचा हात कापतो. नापासाचा शिक्का सगळ्यांना सारखा लागत नाही. ज्या घरात मुलीला काढायला कारणच हवं असतं, तिथे ते कारण शाळाच हातात देते.

नाशिकची आई
तुमच्या बहिणीचं खरंच वाईट वाटलं. पण म्हणजे माझ्या मुलाने न वाचता नववी गाठायची? एकीला घरी बसवलं आणि दुसऱ्याला वर्गात बसवून अडाणी ठेवलं, यात तुम्हाला दुसरं बरं वाटतं का?

वरुडची संत्री
हो, वाटतं. तुमचा मुलगा शाळेत होता म्हणून नववीत का होईना कळलं. माझी बहीण शाळेतच नव्हती.

दोन वर्ग एक खोली
‘मास्तर लोक सुटले’ हे वाक्य मागे घ्या. चौथी आणि पाचवी एकाच खोलीत घेतो मी. चौथीला वाचायला दिलं की पाचवीला गणित, तेवढ्यात केंद्रावरून फोन, अमुक माहिती दुपारपर्यंत ऑनलाइन भरा. वर बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांपलीकडे शिक्षकाला दुसरं काम देऊ नये असं स्पष्ट आहे, पण ‘निवडणूक’ आता बारमाही झाली आहे. मतदार यादी घेऊन वाडीवर फिरतो तेव्हा माझ्या पाचवीला कोण शिकवतं? या धाग्यावरचं कोणी येतं का?

नाशिकची आई
वाक्य मागे घेणार नाही. ‘काही’ मास्तर म्हणते, तुम्हाला वगळून. मात्र मग ‘समाधानकारक’ का लिहिता? ‘वेळ मिळाला नाही, मूल अडलंय’ असं लिहा ना. आम्ही घरी काहीतरी केलं असतं.

दोन वर्ग एक खोली
तसं लिहिलं तर पहिली नोटीस मलाच येते.

निवृत्त केंद्रप्रमुख
येते, हे खरं आहे. आणि आता कायदाही बदललाय. २०१९ ची दुरुस्ती झाली, आपल्या राज्याने २०२३ ला नियम केला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. त्यामुळे आता वाद मागे ठेवावं की नाही याचा राहिला नाही. निकाल आणि फेरपरीक्षा यांच्या मधल्या दिवसांत मुलाला शिकवायचं कोणी, हा आहे. माझ्या मते तो नियमाचा जीव आहे, आणि त्यावर कोणी बोलत नाही.

वर्कशॉप भोसरी
मी विचारलं काय आणि चाललंय काय. शाळेने हाताला काम शिकवावं की नाही?

पाबळचा फिटर
दादा, मी सांगतो. आमच्या शाळेत पाबळच्या विज्ञान आश्रमाचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय होता. डॉ. कलबागांनी १९८३ ला तो आश्रम सुरू केला. आठवड्यातला एक दिवस वर्कशॉप, शेती, वायरिंग, माती आणि रक्त तपासणी, बाकीचे दिवस नेहमीची शाळा. शाळेच्या गेटला आम्हीच वेल्डिंग केलं. त्यासाठी माप, कोन, खर्चाचं अंदाजपत्रक काढायला लागलं आणि मला गणित तिथे कळलं. इतिहास कोणी काढला नाही, कविताही नाही. हाताचं काम हे बाकीच्या विषयांच्या जागी नको, ते विषय समजण्यासाठी हवं. १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, त्यातही हस्तोद्योगातून इतर विषय शिकवायचे होते, काढायचे नव्हते.

वर्कशॉप भोसरी
एक दिवस ठीक आहे. त्या पोरांना मी आज कामावर घेईन. तास वाटून घ्या म्हणत असाल तर इतिहास राहू दे, पण परीक्षेसाठी सनावळ्या पाठ करून घेणं बंद करा.

झेडपीची बाई
सनावळ्यांबद्दल माझंही तेच मत आहे, आणि कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुलं करून घेण्यापेक्षा तुमचं वर्कशॉप बरं, हेही मानते. पण नागरिकशास्त्र आणि कविता यांवर मी मागे हटणार नाही. तुमच्या वर्कशॉपमधल्या पोराला पीएफ कापला पण भरला नाही हे ओळखता यायला हवं, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर त्याचं मन कामगाराहून मोठं असायला हवं. एवढा खर्च शाळेने केलाच पाहिजे.

वर्कशॉप भोसरी
माझ्याकडे पीएफ भरला जातो. कवितेचं पटलेलं नाही.

नाशिकची आई
केंद्रप्रमुख सर, तो मधल्या दिवसांचा मुद्दा. आमच्या भागात मे महिन्यात शाळेला कुलूप असतं. फेरपरीक्षेच्या मुलांचा वर्ग मागायचा असेल तर अर्ज मुख्याध्यापकांकडे करायचा की गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे? धाकटी यंदा पाचवीत आहे.

निवृत्त केंद्रप्रमुख
दोघांकडे करा, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्यायला लावा. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.